टाइम-लॅप्स चित्रीकरणासाठी जुने घरगुती चित्रपट कॅमेरे

टाइम-लॅप्स चित्रीकरण म्हणजे एखाद्या संथ घटनेच्या चित्रचौकटी ठरावीक कालांतराने एकेक करून टिपणे आणि त्या नेहमीच्या वेगाने दाखवणे होय. यामुळे अनेक दिवसांचा बदल काही सेकंदांत दिसतो. १६ मिमी (१९२३), ८ मिमी (१९३२) आणि सुपर ८ (१९६५) या फिल्मप्रकारांसाठी बनलेले अनेक घरगुती कॅमेरे या कामासाठी वापरता येतात. मात्र त्यांची निवड भिंगाच्या ख्यातीपेक्षा एकेक चौकट टिपणाऱ्या यंत्रणेवर अवलंबून असते.

इतिहास

मराठी चित्रपटसृष्टीच्या इतिहासात या तंत्राला विशेष स्थान आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचे चित्रण करून 'अंकुराची वाढ' हा सुमारे एक मिनिटाचा लघुपट तयार केला. हाताने फिरवण्याच्या या कॅमेऱ्याने महिनाभराची वाढ टिपली गेली. हा लघुपट निवडक व्यक्तींना दाखवल्यानंतर फाळके यांना 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटासाठी भांडवल मिळण्यास मदत झाली. तो चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला.

कॅमेऱ्याचे प्रकार

चावीचे कॅमेरे : यांना विद्युतघट लागत नाहीत. स्विस बनावटीच्या बोलेक्स एच १६ मध्ये (१९३५) एकेक चौकट टिपण्याची सोय आहे. मात्र एका चावीत कॅमेरा सुमारे अर्धा मिनिटच चालतो. त्यामुळे दीर्घ चित्रणात चावी पुन्हा पुन्हा द्यावी लागते आणि त्या धक्क्याने चौकट सरकण्याचा धोका असतो.

विद्युत मोटरचे कॅमेरे : जर्मन बनावटीच्या निझो मालिकेतील काही सुपर ८ कॅमेऱ्यांत ठरावीक कालांतराने आपोआप चौकट टिपणारा नियंत्रक असतो. अनेक जुन्या कॅमेऱ्यांच्या प्रकाशमापकाला पाऱ्याचे छोटे विद्युतघट लागत. त्यांचे उत्पादन आता बंद झाले आहे. पर्यायी घटाचा दाब वेगळा असल्यास मापन चुकू शकते.

कालांतराचा हिशोब

सुपर ८ च्या ५० फुटी कार्ट्रिजमध्ये ३,६०० चौकटी मावतात. सेकंदाला १८ चौकटी या वेगाने त्या २०० सेकंद चालतात. विषय किती वेळ चालणार आहे हे ठरले की कालांतर काढता येते. उदाहरणार्थ, पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात द्राक्षबागांची फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते. छाटणीनंतर डोळे फुटताना १० दिवस चित्रण करायचे असेल, तर रोज १२ तास दर २ मिनिटांनी एक चौकट घेतल्यास पूर्ण कार्ट्रिज वापरले जाते. आंबेगाव तालुक्यातील डिंभे धरणाच्या जलाशयावरून सरकणाऱ्या ढगांसाठी मात्र दर ५ सेकंदांनी एक चौकट पुरते, आणि तेच कार्ट्रिज ५ तासांत संपते. पहिल्या कामाला स्वयंचलित नियंत्रक जवळजवळ अपरिहार्य ठरतो. दुसरे काम केबल रिलीज हाती घेऊनही करता येते.

खरेदीपूर्वी तपासणी

एकचौकट कळ प्रत्येक वेळी नेमकी एकच चौकट पुढे सरकवते का, केबल रिलीजसाठी आटे आहेत का, तिपाईचे बूड घट्ट बसते का आणि घटांच्या कप्प्यात गंज आहे का, हे पाहणे आवश्यक असते. दोन चौकटींमधील दीर्घ विरामात झडपेतून किंवा नेत्रिकेतून प्रकाश झिरपल्यास चौकट धुरकट होते. म्हणून चित्रणाच्या वेळी नेत्रिका झाकली जाते आणि मुख्य कामापूर्वी थोड्या फिल्मवर चाचणी घेतली जाते.

फिल्मची उपलब्धताही निर्णायक असते. सुपर ८ व १६ मिमी फिल्म कोडॅक आजही बनवते, तर साधी ८ मिमी फिल्म मोजक्याच विक्रेत्यांकडे मिळते. चांगल्या स्थितीतील कॅमेराही फिल्म आणि ती धुणारी प्रयोगशाळा यांच्याविना निरुपयोगी ठरतो.