जुन्या मोटारीचे सुटे भाग : गंज काढण्याइतकेच नंतरचे संरक्षण महत्त्वाचे

कोलकाता : हुगळी नदीच्या पूर्व काठावरील गार्डन रीचसारख्या दमट वस्तीत लोखंड लवकर गंजते. जुन्या ॲम्बॅसॅडर मोटारी जपणाऱ्यांसाठी ही बाब गंभीर आहे. उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात या मोटारीचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. त्यामुळे चुकीच्या सफाईने बिघडलेला मूळ सुटा भाग पुन्हा मिळेलच, याची खात्री नसते.

घरी सफाई करताना प्रथम साबण व गरम पाण्याने तेलकट थर काढावा. यासाठी पेट्रोल वापरू नये. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेते.

गंजलेला लोखंडी भाग एक लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून काही तास बुडवावा व मधूनमधून तपासावा. त्यानंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडा करावा. आम्लाने उघडे पडलेले लोखंड दमट हवेत पुन्हा झपाट्याने गंजते. म्हणून त्यावर तत्काळ तेल किंवा प्रायमर लावणे आवश्यक असते.

स्प्रिंग आणि उच्च क्षमतेचे बोल्ट आम्लात बुडवू नयेत. त्यामुळे ते ठिसूळ होऊ शकतात. ॲल्युमिनियमच्या भागांना कॉस्टिक सोडा लावू नये. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून त्यावरील धूळ फुंकरीने न उडवता ओल्या फडक्याने टिपावी. ब्रेक व स्टिअरिंगच्या भागांवर गंजाचे खड्डे पडले असल्यास ते जाणकार मेकॅनिककडून तपासल्याशिवाय पुन्हा बसवू नयेत.