दोन शब्दांचे ओझे : विल्यम्स कुटुंब आणि माओरी बायबल

धर्मग्रंथाच्या भाषांतराचा विचार बहुधा श्रद्धेच्या किंवा शैलीच्या अंगाने केला जातो. परंतु ज्या भाषेत लेखनाची परंपराच नाही, त्या भाषेत असे भाषांतर अवतरते तेव्हा केवळ एका ग्रंथाची भर पडत नाही. त्या भाषेच्या लिखित गद्याचा शब्दसंग्रहच त्यातून घडत जातो. पुढे कायदा आणि राज्यकारभार त्याच संग्रहातून शब्द उचलतात, आणि ते शब्द आपला पूर्वेतिहास बरोबर घेऊन येतात. न्यूझीलंडमधील विल्यम्स कुटुंबाचे कार्य या दृष्टीने मननीय आहे.

ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेला हेन्री विल्यम्स १८२३ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने पत्नी मेरियानसह पाइहिया येथे आला. १८२६ मध्ये त्याचा धाकटा भाऊ विल्यम पत्नी जेनसह त्याला येऊन मिळाला. माओरी भाषा लेखनबद्ध करण्याचे प्रयत्न त्यापूर्वीच सुरू झाले होते. टॉमस केंडल याने १८२० मध्ये होंगी हिका व वाइकातो या दोन माओरी प्रमुखांसह केंब्रिज गाठून, प्राध्यापक सॅम्युएल ली याच्या साहाय्याने व्याकरण सिद्ध केले होते. विल्यम्स बंधूंनी या कार्याला सातत्य दिले. मेरियान व जेन यांनी शाळा चालविल्या. घरातील मुले माओरी बोलतच वाढली. विल्यमने पकी आदी सहकाऱ्यांसह केलेले नव्या कराराचे भाषांतर १८३७ मध्ये विल्यम कोलेन्सोच्या मुद्रणालयातून पाच हजार प्रतींत बाहेर पडले. जुन्या कराराचा मुख्य भार रॉबर्ट मॉन्सेल याने वाहिला. १८४३ मध्ये घराला लागलेल्या आगीत हस्तलिखिते जळाल्यावरही त्याने ते काम पुन्हा हाती घेतले. संपूर्ण बायबल एका खंडात १८६८ मध्ये प्रसिद्ध झाले. विल्यमचा माओरी कोश १८४४ चा. पुत्र लेनर्ड व नातू हर्बर्ट यांनी तो वाढविला, आणि हर्बर्टने सिद्ध केलेली १९१७ ची आवृत्ती पुढील अभ्यासाचा आधार ठरली.

भाषांतरकारांपुढे दोन मार्ग होते. एक, भाषेतील रूढ शब्द घेऊन त्याला नवा अर्थ देणे. ‘आतुआ’ हा देवदेवता व अतिमानवी शक्ती यांचा वाचक शब्द एकमेव ईश्वरासाठी योजला गेला, आणि निषेध व पावित्र्य एकत्र सुचविणारा ‘तापू’ हा पवित्रतेसाठी. दुसरा मार्ग परका शब्द माओरी उच्चारात बसविण्याचा; बायबलचे ‘पाइपेरा’ झाले ते असे. ‘रंगातिरा’ म्हणजे टोळीप्रमुख. त्याला मराठीतील ‘पण’ किंवा ‘त्व’ यांसारखा ‘तांगा’ हा प्रत्यय लावून साधलेला ‘रंगातिरातांगा’ हा शब्द देवाच्या राज्यासाठी वापरला गेला. हा पहिला मार्ग. ‘गव्हर्नर’वरून आलेला ‘कावाना’ हा शब्द रोमन अधिकारी पिलात याला लावला गेला. हा दुसरा.

याच दोन शब्दांना १८४० मध्ये राजकीय रूप आले. ४ फेब्रुवारी रोजी कॅप्टन हॉब्सनने तहाचा इंग्रजी मसुदा हेन्रीच्या हाती दिला. हेन्री व त्याचा पुत्र एडवर्ड यांनी रातोरात त्याचे माओरी रूपांतर केले आणि ६ फेब्रुवारीस वाइतांगी येथे सह्या झाल्या. इंग्रजी पाठाच्या पहिल्या कलमानुसार माओरी प्रमुख आपले सार्वभौमत्व राणीस अर्पण करीत होते. माओरी पाठात मात्र ते ‘कावानातांगा’, म्हणजे गव्हर्नरपण, देत होते. दुसऱ्या कलमात जमिनी, वने व मत्स्यक्षेत्रे यांच्या निर्वेध ताब्याची इंग्रजी हमी होती. माओरी पाठात तिथे ‘रंगातिरातांगा’ हा शब्द आला.

बायबल ऐकलेल्या माणसाला या वाटणीत काय दिसले असेल? गव्हर्नर म्हणजे दूरच्या सम्राटाने पाठविलेला कारभारी. सिडनीस जाऊन आलेल्यांना तेथील गव्हर्नरही ठाऊक होता. उलट रंगातिरातांगा हे प्रत्यक्ष देवाच्या सत्तेचे नाव! म्हणजे जे लहान ते दिले जात होते आणि जे मोठे ते राखले जात होते. १८३५ च्या स्वातंत्र्यघोषणेत सार्वभौम अधिकारासाठी ‘माना’ हा अधिकाराचा व प्रतिष्ठेचा वाचक शब्द आला होता. तिचे माओरी रूपही हेन्रीच्याच हातचे मानले जाते. तहात तो शब्द नाही.

हेन्रीने हे हेतुपुरस्सर केले काय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आपल्या अकरा अपत्यांसाठी त्याने घेतलेल्या जमिनींवरून वाद माजला, १८४९ मध्ये सोसायटीने त्याला काढून टाकले व १८५४ मध्ये पुन्हा घेतले. त्यामुळे त्याच्या हेतूविषयी संशय घेणे सोपे झाले. परंतु हेतूचा निवाडा बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते. एका रात्रीत भाषांतर करणाऱ्याच्या हाताशी त्याचे कुटुंब सतरा वर्षे ज्या शब्दांवर खपत होते तेच शब्द होते. धर्मग्रंथात त्यांनी संदर्भाच्या बळावर काम भागविले. करारात त्यांना एकट्याने उभे राहावे लागले.

मराठीची स्थिती भिन्न होती. केरीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले तेव्हा भाषेपाशी शतकांचे ग्रंथ, बखरी व दप्तरे होती. मिशनऱ्यांचा शब्द तेथे अनेकांतला एक ठरला. माओरीत मुद्रित शब्दावर तो आरंभी बव्हंशी एकटाच होता.

त्या अंतराची किंमत जमिनी व अधिकार यांच्या रूपाने मोजली गेली. १८५८ च्या सुमारास वसाहतवाल्यांची संख्या माओरींहून अधिक झाली आणि भाषा स्वतःच्या भूमीत अल्पसंख्य ठरली; तिला अधिकृत दर्जा मिळाला तो १९८७ मध्ये. १९७२ मध्ये रूथ रॉस यांनी दोन्ही पाठांतील तफावत अभ्यासपूर्वक मांडली. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वाइतांगी न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये असा निष्कर्ष दिला, की फेब्रुवारी १८४० मध्ये सह्या करणाऱ्या प्रमुखांनी आपले सार्वभौमत्व दिले नव्हते. या निवाड्यामागे माओरी पाठाचे वाचनही होते. ज्या भाषांतराने अर्थ झाकला गेला असा आक्षेप घेतला जातो, त्याच भाषांतराने माओरींचा पक्ष कागदावर टिकवून ठेवला. विल्यम्स कुटुंबाच्या कार्याचे मूल्यमापन करताना ही दोन्ही टोके एकत्र धरावी लागतात.