धुरावरून अग्नीची परीक्षा

सुरतेहून धुळ्याकडे येणारा राष्ट्रीय महामार्ग, ज्याचा क्रमांक पूर्वी ६ होता व आता ५३ आहे, गुजरातची सरहद्द ओलांडून ज्या गावापाशी महाराष्ट्रात शिरतो, त्या नवापूरची कीर्ती दूरच्या वाचकांस बहुधा तेथील रेल्वे स्थानकापुरतीच ठाऊक असते. एकाच स्थानकाचा काही भाग एका राज्यात आणि उरलेला दुसऱ्यात पडावा, हे कौतुकाचे आहेच. परंतु यंत्रविद्येत ज्याला रस आहे त्याने स्थानक सोडून महामार्गाच्या कडेच्या गॅरेजकडे वळावे. सरहद्दीच्या अलीकडे-पलीकडे मुक्कामाला थांबलेल्या मालमोटारी थंडीच्या दिवसांत पहाटे निघू लागल्या, की त्यांतील एखादी हटकून अडून बसते. ड्रायव्हर सेल्फ मारीत राहतो, क्लीनर खाली उतरून उगाच चाकांभोवती फिरतो, आणि अखेर बोलावून आणलेला मिस्त्री पान्याला हात लावण्यापूर्वी एकच पृच्छा करतो : ‘‘सेल्फ मारताना धूर येतो का?’’

प्रश्न साधा दिसतो. पण त्याची जात आपल्या न्यायशास्त्राच्या पठडीतील आहे. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी असलाच पाहिजे, हे नैयायिकांचे अनुमानाचे ठरलेले उदाहरण. मात्र अग्नी आहे म्हणून धूरही असलाच पाहिजे असे उलट म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो, आणि धूर निघावयास अग्नीखेरीज ओल्या इंधनाचा संयोगही लागतो, अशी पुस्ती त्यांनीच जोडून ठेविली आहे. निरोगी डिझेल इंजिन या लोखंडी गोळ्याच्या जातीचे असते. त्याच्या पोटात अग्नी अखंड असून धूर जवळजवळ दिसत नाही, आणि म्हणूनच जेव्हा तो दिसतो तेव्हा त्याच्या रंगावरून व वासावरून आतल्या अग्नीचे व्यंग ओळखता येते.

या इंजिनात ठिणगी नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ मध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे जे यशस्वीपणे चालवून दाखविले, त्या यंत्राचे तत्त्व एवढेच, की हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे १७ व्या हिश्श्यात एकाएकी दाबली तर ती स्वतःच इतकी तापते, की तीत फवारलेले तेल आपोआप पेट घेते. कागदावरच्या गणिताप्रमाणे हे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. प्रत्यक्षात ते बरेच कमी भरते, तरी डिझेलला पेटावयास सव्वादोनशे अंशांच्या आसपासची उष्णता पुरत असल्यामुळे निभावून जाते. यातील ‘एकाएकी’ ही अट मात्र मोडता येत नाही. सेल्फ मंद फिरला, तर दाबलेली हवा रिंगांच्या फटींतून निसटते, तिची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती शोषून घेतात, आणि पंप व नोझल निर्दोष असूनही गाडी उठत नाही. जड ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट मिळतात. सेल्फ मारताना हा आकडा १८ च्या खाली घसरत असेल, तर इंधनाची फिर्याद दाखलच करून घेऊ नये. प्रथम बॅटरीची टोके घासावीत आणि चासीला बांधलेली अर्थची तार पाहावी. या तपासाला पैसा लागत नाही. कदाचित म्हणूनच तो वगळला जात असावा.

सेल्फ जोमाने फिरतो आहे आणि धुरांड्यातून धुराचा लवलेशही नाही, तर इंधन सिलिंडरात पोहोचतच नाही, हा निकाल निःशंकपणे द्यावा. सेल्फ फिरतो, पांढरा धूर लोटतो, तरी इंजिन पकडत नाही, तर इंधन पोहोचते पण पेटत नाही. मग दाब कमी आहे, किंवा पंपाचे टायमिंग हुकले आहे. येथे एक भ्रम संभवतो. रेडिएटरचे पाणी सिलिंडरात झिरपले तरी पांढरेच लोट निघतात. परंतु ती वाफ हवेत लवकर विरते, तर न पेटलेल्या डिझेलचे धुके रेंगाळते व डोळ्यांत झोंबते. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन अधिक, आणि निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे.

धूरच नसलेल्या गाडीत अपराधी बहुधा हवा असते. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीची असल्यामुळे तिच्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. साहजिकच तिच्या जोडातील वायसर सैल झाला, तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत शिरते. जमिनीवर एक थेंब सांडलेला नसताना ‘गळती आहे’ असे मिस्त्रीने सांगावे आणि मालकाला ते पटू नये, हा प्रसंग म्हणूनच नित्याचा आहे. रात्रभरात नळीतील डिझेल या छिद्राच्या कृपेने टाकीत परत उतरते आणि सकाळी पंपाच्या वाट्याला पोकळी येते. द्रवाला दाबले तर तो जवळजवळ आकसत नाही, हवा मात्र आकसते. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या नोझलची सुई उचलावयास जो सुमारे २०० बारचा, म्हणजे वातावरणाच्या २०० पट, दाब लागतो, तो नळीत बुडबुडा असताना तयारच होत नाही.

यावरचा उपाय पाहण्यासारखा असतो. फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू दोन आटे सैल करून मिस्त्री हँड पंप मारू लागतो. आधी फुसफुस ऐकू येते, मग पांढुरका फेस येतो, मग फेसात मधूनमधून पिवळट डिझेल, आणि शेवटी बुडबुड्यांवाचून एकसंध धार लागली, की पंपाचा हात न थांबविता स्क्रू आवळला जातो. फेस संपतच नसेल, तर छिद्र अद्याप उघडेच आहे. ओढीच्या नळीत पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा बसविला म्हणजे बुडबुडे कोणत्या जोडानंतर सुरू होतात, याची शहानिशा डोळ्यांदेखत होते.

पाण्याची कथा निराळी. खानदेशातील इतर मुलखापेक्षा नवापूरकडे पाऊस अधिक. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेचे पाणी साचते, जड म्हणून तळाशी बसते, आणि पंपाच्या ज्या प्लंजरमध्ये व नळकांड्यात अवघ्या दोन-चार मायक्रॉनचे अंतर ठेविलेले असते, तेथे गंज चढविते. मानवी केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते, हे ध्यानात घेतले म्हणजे फिल्टरखालचे पाणी वेळच्या वेळी सोडावयास आळस का करू नये, ते कळते.

असे सूक्ष्म पंप १९२७ पासून रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात मोठ्या प्रमाणावर होऊ लागले, तेव्हा कोठे डिझेल इंजिन रस्त्यावर सुखाने नांदू लागले. तत्पूर्वी इंधन फवारण्यासाठी दाबलेल्या हवेचा अवजड संच बाळगावा लागे. आपल्याकडे १९५१ मध्ये बंगलोरास असे पंप बनविणारी ‘मायको’ ही कंपनी स्थापन झाली, आणि ‘मायकोचा पंप’ हा शब्द गॅरेजच्या भाषेत कायमचा रुजला. या पिढीच्या गाड्यांत मिसिंग शोधण्याची एक जुनी रीत होती : चालू इंजिनात एकेका नोझलच्या नळीचा नट सैल करीत जावयाचे, आणि ज्या नळीने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला समजावयाचा. याच महामार्गावरचा कोंडाईबारीचा घाट चढताना काळा धूर ओकणाऱ्या गाडीचे टपकणारे नोझल अशा रीतीने पुष्कळदा हाती लागले आहे.

कॉमन रेलच्या गाडीवर मात्र ही रीत चालविणे जिवावर बेतू शकते. तेथे सर्व इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून १६०० बार व त्याहूनही अधिक दाबाने इंधन मिळते. सैल नटातून सुटलेली केसासारखी धार कातडी भेदून डिझेल मांसात घुसविते, आणि वरून जखम टाचणी टोचल्याएवढी दिसत असली, तरी तातडीने शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. शिवाय १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या नियमांमुळे नव्या ट्रकच्या धुरांड्यात काजळी अडविणारा गाळणा आला, आणि मिस्त्रीचे काळ्या धुराचे लिंग (म्हणजे खूण), नैयायिकांच्या भाषेत बोलावयाचे तर, लोपले. त्याच्या जागी स्कॅनर आला.

पण स्कॅनर ‘रेल प्रेशर कमी’ एवढीच जबानी देतो. फिल्टर तुंबला, ओढीत हवा आली, पंप झिजला, की एखादा इंजेक्टर आतल्या आत इंधन परत सोडतो आहे, याची फोड त्यात नसते, आणि किमान दाब मिळाल्याखेरीज संगणक इंजेक्टर उघडण्याचा हुकूम देत नसल्यामुळे गाडी निमूट उभी राहते. अशा वेळी जाणता मिस्त्री प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या तोंडाला एकेक नळी जोडून ती वेगवेगळ्या बाटलीत सोडतो व थोडा वेळ सेल्फ मारावयास सांगतो. एकाच बाटलीत डिझेल इतरांहून भराभर चढले, तर दाब त्या इंजेक्टरातून पळतो आहे आणि तेवढाच बदलावयाचा आहे. सर्वच्या सर्व बदलण्याची शिफारस झाली, तर मालकाने आधी त्या बाटल्या पाहावयास मागाव्यात.