होडी पालथी झाली तर? जॅकेट वाचवतं, पण छताखाली आणि जाळ्यात अडकलेल्याला नाही

उजनीच्या फुगवट्यावर २१ मे २०२४ रोजी जे झालं ते करमाळा आणि इंदापूर तालुक्यात कुणी विसरलेलं नाही. कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट संध्याकाळी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा जीव गेला, एक जण पोहत काठाला लागला. त्यानंतर लाइफ जॅकेटची चर्चा खूप झाली. पण जॅकेट नेमकं काय करतं, कुठलं घ्यायचं, आणि जॅकेट असूनही माणूस का बुडतो, हे फारसं कुणी सांगितलं नाही.

आधी जॅकेटचं गणित. पाण्यात माणसाचं वजन जमिनीइतकं लागत नाही. सत्तर किलोचा माणूसही पाण्यात जेमतेम काही किलोचाच भरतो, म्हणून त्याला तरंगत ठेवायला फार मोठा फुगा लागत नाही. जॅकेटच्या आतल्या पट्टीवर ५०, १०० किंवा १५० असा आकडा आणि पुढे न्यूटन लिहिलेलं असतं. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा उचल. म्हणजे ५० चं जॅकेट पाच किलो उचलतं, १५० चं पंधरा किलो.

फरक इथं आहे. ५० न्यूटनचं जॅकेट हे पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असेल तिथंच. माणूस बेशुद्ध पडला तर ते त्याचं तोंड वर करेलच असं नाही. १०० आणि त्यापुढच्या जॅकेटला मानेमागं कॉलर असते, ती डोकं पाण्याबाहेर धरते. ज्याला पोहता येत नाही, त्यानं कॉलरवालंच मागावं. आकडाच लिहिलेला नसेल तर ते जॅकेट नुसतं नारंगी कापड समजा.

मग शिडाच्या छोट्या होड्या चालवणारे खेळाडू ५० चंच का घालतात? खडकवासल्याला एनडीएचे कॅडेट अशा होड्या चालवायला शिकतात. ही होडी उलटणं त्यांच्यासाठी रोजचंच. उलटली की कधी कधी माणूस होडीखाली किंवा पाण्यावर पसरलेल्या शिडाखाली सापडतो. तिथून सुटायला आधी थोडं खाली बुडी मारावी लागते. अंगात जाडजूड जॅकेट असेल तर ते वर ढकलतं, आणि वर तर होडीचा तळ! त्यामुळे पोहणाऱ्याला हलकं जॅकेट बरं पडतं. ओलं शीड तोंडाला चिकटलं तर हातानं वर ढकलायचं, खाली हवेची जागा होते. मग कापडाची एक शिवण धरून त्याच दिशेनं सरकत कडेला यायचं. गोल गोल फिरायचं नाही.

दोरात अडकलेल्याला मात्र यातलं काहीच उपयोगाचं नाही. ९ मे २०१३ ला अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत शर्यतीची मोठी शिडाची बोट सरावात उलटून मोडली. ब्रिटनचा ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेता अँड्र्यू सिम्पसन तिच्याखाली अडकून गेला. आयुष्य पाण्यावर काढलेला माणूस!

आपल्याकडे शीड नाही, पण अडकवणाऱ्या वस्तू भरपूर आहेत. मासेमाराच्या पायाशी जाळं असतं. प्रवाशांच्या होडीत मोटारसायकली चढवतात, होडी कलली की त्या माणसांवर येतात. खांद्यात अडकवलेली पिशवी, कमरेला गुंडळलेली ओढणी, गमबूट, सगळंच पाण्यात शत्रू. जाळं टाकणाऱ्यानं एक छोटी धारदार सुरी म्यानात घालून छातीशी, हाताला लगेच येईल अशी बांधावी. होडीच्या डब्यातल्या सुरीचा त्या वेळी काही उपयोग नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे छत आणि बंद बाजू. केरळमध्ये तानूरला ७ मे २०२३ रोजी दुमजली पर्यटक बोट उलटली, २२ जण गेले. खालच्या मजल्यावरच्यांना बाहेर पडायला वाट मिळाली नव्हती. आपल्याकडे भिगवण, कुंभारगावला फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्या होड्या उघड्या असतात, हे एका अर्थानं बरंच आहे. पण पाऊस-ऊन लागू नये म्हणून कुणी छत टाकून बाजूला ताडपत्री घट्ट बांधली असेल, तर त्या होडीत बसू नका, किंवा ताडपत्री सोडायला लावा. बसायचंच तर कडेला बसा.

हवा भरून फुगणारी जॅकेटं बंद जागेत जास्त धोक्याची. १९९६ साली इथिओपियन एअरलाइन्सचं अपहरण झालेलं विमान समुद्रात उतरलं, तेव्हा अनेकांनी आतच जॅकेट फुगवलं. पाणी भरल्यावर ते छताला चिकटले आणि बाहेर येऊच शकले नाहीत. म्हणून छत असलेल्या बोटीत आधी बाहेर पडायचं, मग फुगवायचं. फोमचं जॅकेट मात्र चढतानाच घालावं लागतं, पाण्यात पडल्यावर ते घालणं जवळपास अशक्य.

होडी पालथी होऊन तुम्ही खाली सापडलात तर बहुतेक वेळा तळाशी थोडी हवा राहते. एक हात होडीच्या काठावर ठेवा, श्वास घ्या, काठ खाली दाबल्यासारखा धरून स्वतःला बाहेर ओढा. बाहेर आल्यावर होडी सोडू नका. काठ जवळ दिसतो, पण पाण्यावरचं अंतर फसवं असतं, आणि वळवाच्या वाऱ्यात चांगला पोहणारासुद्धा दमतो.

अर्थात, धरायला होडी तरंगली पाहिजे. लाकडाची तरंगते. पत्र्याची पाणी भरलं की सरळ तळाला जाते. त्यावर उपाय स्वस्त आहे: झाकण घट्ट बसवलेले रिकामे २० लिटरचे कॅन फळ्यांखाली पक्के बांधायचे. एक कॅन साधारण वीस किलो उचलतो, त्यात त्याचं स्वतःचं वजन वजा. होडीच्या पत्र्याचा आणि इंजिनाचा अंदाज घेऊन किती लागतील ते मालकानं ठरवावं, फक्त पाय ठेवायची आणि निसटायची जागा अडवू नये.

जॅकेट तपासायचं कसं? घालून सगळे पट्टे ओढा, मग दुसऱ्याला खांद्यापाशी धरून वर उचलायला सांगा. ते कानापर्यंत सरकलं तर सैल आहे. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट कधीच नको, त्यातून पोर खाली निसटतं. त्याला त्याच्या वजनाचं, दोन पायांमधून पट्टा जाणारं घ्या. बसायला उशी म्हणून वापरलेली जॅकेटं ठेचून गेलेली असतात, फोम दबला की उचल कमी होतो. कंबरभर पाण्यात काठाजवळ एकदा घालून पाहा, हनुवटी पाण्याबाहेर राहते का ते. नाही राहिली तर होडीवाल्याला ते जॅकेट परत द्या आणि दुसरं मागा. दुसरं नसेल तर पुढच्या फेरीची वाट पाहा. कुणी पाण्यात पडल्याचं दिसलं तर आधी ११२ ला फोन लावा, आणि काठावरून दोर किंवा रिकामा कॅन फेका.