दुबई पावणेदोन तासांत, परतीला साडेचार?

वसई पट्ट्यातल्या नंदाखालहून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत जेमतेम 40 किलोमीटर. पण मध्ये वसईची खाडी आहे. मोटार आधी पूर्वेला महामार्गाकडे जाते, घोडबंदरजवळच्या वर्सोवा पुलावरून खाडी ओलांडते आणि अंतर पन्नाशीच्या पुढे जाते. आकाशात खाडी नाही, तेव्हा विमानाचा हिशेब सोपा असणार असे वाटते. बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

वसई पट्ट्यातल्या माणसांना आखाती नोकरीची सवय जुनी आहे, तिकिटावरची वेळ चुकीची वाचण्याचीही. समजा, मुंबईहून सकाळी 10 ला सुटलेले विमान दुबईला पावणेबाराला उतरले आणि तिथून 10 ला निघालेले मुंबईत दुपारी अडीचला पोचले. जायला पावणेदोन तास, यायला साडेचार? तिकिटावर प्रत्येक विमानतळाची वेळ तिथल्या घड्याळाची असते आणि दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. म्हणजे जाताना सव्वातीन तास, येताना तीन. अंतर दोन्ही वेळा सुमारे 1,930 किलोमीटरच.

पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेचे गाव विमानाखाली आपोआप सरकत येते, हाही लाडका समज. हवा पृथ्वीबरोबरच फिरते. धावत्या विरार लोकलमध्ये उडी मारणारा त्याच जागी उतरतो (जागा उरली असेल तर). उलट पश्चिमेचा प्रवास बहुधा लांबतो. समशीतोष्ण पट्ट्यात 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी 200 किलोमीटरच्याही वर जातो. लंडनहून मुंबईला येताना जाण्यापेक्षा पाऊण-एक तास कमी लागतो तो त्यांच्यामुळे.

सगळ्यात फसवा असतो भिंतीवरचा नकाशा. त्यावर कॅनडातले टोरांटो पश्चिमेला, युरोप आणि अटलांटिकपलीकडे दिसते. पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते टोरांटो दोरा ताणून धरला, की तो मुंबईतूनच उत्तर-वायव्येला निघतो, कच्छ, सिंध, मध्य आशिया, रशिया ओलांडून उत्तर नॉर्वेवर जातो, 70 अंश उत्तर अक्षांशाला टेकतो आणि ग्रीनलंडवरून खाली उतरतो. हाच सर्वांत जवळचा मार्ग, सुमारे 12,490 किलोमीटरचा. सपाट कागदावर तो उगाच घातलेला वळसा वाटतो.

या अंतराला ताशी 900 किलोमीटरने भागले, तर चौदा तासही होत नाहीत. वेळापत्रकातली वेळ मात्र विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतची असते. धावपट्टीची रांग, चढण, उतरण, समोरचा वारा हे सगळे तीत येते. शिवाय आकाशालाही कुंपण असते. 2022 पासून कॅनडाच्या विमानांना रशियाचे आकाश बंद झाले. 24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा गोलावरच्या दोऱ्याची वाट कच्छ संपताच अडली आणि विमानांना अरबी समुद्रावरून पश्चिमेला वळावे लागले.