चोरासोबत संन्याशालाही फाशी!

पाय लटपटतात, जीभ अडखळते म्हणून माणूस घाटी रुग्णालयाच्या ओपीडीत येतो. एमआरआयमध्ये काही सापडत नाही, आणि खरं दुखणं निघतं छातीत नाहीतर ओटीपोटात! मग पुढची वाट आमखास मैदानाजवळच्या शासकीय कॅन्सर हॉस्पिटलची. गंमत म्हणजे कॅन्सर मेंदूपर्यंत पोचलेलाच नसतो. गाठीवर तुटून पडलेली प्रतिकारशक्ती, गाठीतल्यासारखीच प्रथिनं दिसली म्हणून मेंदूला आणि नसांनाही झोडपून काढते. डॉक्टर याला ‘पॅरानिओप्लास्टिक’ म्हणतात. कॅन्सरच्या शंभर पेशंटांत एकालाही होत नाही, पण किस्से एकेक भन्नाट.

नुसत्या हस्तांदोलनात सुगावा! स्नायू दुबळे करणाऱ्या लॅम्बर्ट-ईटन सिंड्रोमच्या पेशंटला डॉक्टर म्हणतात, ‘माझा हात घट्ट दाबून धरा.’ सुरुवातीला पकड अगदी ढिली, आणि काही सेकंदांत चक्क घट्ट होत जाते. इतर आजारांत जोर लावून माणूस थकतो, इथे उलटंच. अशा पेशंटांपैकी निम्म्याहून अधिकांच्या फुफ्फुसात कॅन्सर निघतो, बहुधा बिडी-सिगारेटवाल्यांच्या. या आजाराचा शोधनिबंध अमेरिकेत आला 1956 साली, म्हणजे घाटीचं मेडिकल कॉलेज सुरू झालं त्याच वर्षी.

गाठीत केस, दात आणि मेंदू! अंडाशयातल्या ‘टेराटोमा’ या गाठीत हे सगळं सापडू शकतं. गाठ बहुतेकदा साधीच असते, कॅन्सरची नव्हे. पण त्यातल्या मेंदूच्या पेशींवर प्रतिकारशक्ती बिथरली, की हसतीखेळती तरुणी काही दिवसांत असंबद्ध बडबडू लागते, तिला भास होतात, झटके येतात. घरचे म्हणतात, बाहेरचं झालं. जोसेप दालमाऊ या डॉक्टरांनी 2007 मध्ये यामागची अँटिबॉडी शोधली. गाठ काढली, औषधं वेळेत मिळाली, तर बहुतेक जणी बऱ्या होतात. वैद्यकातली इतकी नाट्यमय सुटका क्वचितच पाहायला मिळते.

मेंदूचा हाच आजार अस्वलालाही! बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातलं लाडकं ध्रुवीय अस्वल क्नूट 2011 मध्ये लोकांच्या डोळ्यांदेखत पाण्यात कोसळून मेलं. कारण कळायला 2015 उजाडलं. त्याच्या अंगात मात्र गाठबिठ नव्हती. हा आजार गाठीविनाही होतो.

अशा आजारांतल्या अँटी-हू, अँटी-यो, अँटी-री या अँटिबॉडींची नावं पहिल्या पेशंटांच्या आडनावांवरून पडली. आपल्याकडे कुणा जाधवांत सापडली असती, तर ‘अँटी-जा’ म्हणावं लागलं असतं!

लहान मुलांचे डोळे चहूकडे भिरभिरू लागले, झोपेतही थांबेनात, तर पोटात किंवा छातीत न्यूरोब्लास्टोमाची गाठ आहे का, हे तपासतात. साधारण निम्म्या मुलांत ती निघते.

तेव्हा बिडी ओढणारे घरचे दादा कारण नसताना लटपटू लागले, किंवा पोरगी आठवड्याभरात ओळखू येईनाशी झाली, तर अंगारे-धुपारे बाजूला ठेवा, थेट मेंदूविकाराचे डॉक्टर गाठा. आणि त्यांना आवर्जून विचारा, ‘कुठे गाठ तर नाही ना?’