पाचटावर दुचाकी का घसरते?

गळीत हंगामात देवळाली प्रवराच्या आतल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांमधून पडलेलं पाचट पसरलेलं असतं. सरळ जाताना काही वाटत नाही. वळणावर मात्र चाक सटकतं. का?

टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. गाडी वळवायचा आणि थांबवायचा सगळा जोर तेवढ्याच पकडीतून मिळतो. पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा: वळण्यात बराच खर्च झाला, की ब्रेकसाठी थोडाच उरतो. पाचट हा पगारच कापतं. टायर डांबराऐवजी वाळक्या, गुळगुळीत पानांवर टेकतो आणि ती पानंच डांबरावरून सरकतात.

म्हणून वेग वळणाआधीच, गाडी सरळ असताना कमी करा. नक्षी झिजलेला टायर बदला. आणि हेल्मेटसोबत हातमोजेही घालाच. पडताना माणूस आधी हात टेकतो.